युथ मेंटॉरिंगचं एक वर्ष झालं, आता हिशोब कसा मांडायचा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बडोद्यात तुमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण पोरांसाठी मेंटॉरिंग सुरू करून वर्ष झालं, सुरुवातीला 19 पोरं होती आता 11 राहिलीत, 5 मेंटॉरांपैकी 2 जण थकून थांबले, आणि जानेवारीत मंडळीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायचाय, तर काम चाललं म्हणायचं की फसलं, आणि लिहायचं तरी काय. मी इंदूरला आमच्या मंडळीत हेच काम 17 वर्षं करतेय, पोरं मला काकू म्हणतात, आणि हा प्रश्न मला दर डिसेंबरला पडतो त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार नाही, जरा सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, अहवाल आत्ता लिहायला घेऊच नका. अहवाल डोळ्यासमोर ठेवून वर्षाकडे बघितलं की आपल्याला कार्यक्रमच आठवतात. मे महिन्यातलं शिबिर, मांडूची सहल, नाताळची कॅरल राउंड, बायबल क्विझ, फोटो पण त्याचेच असतात. मेंटॉरिंग त्यात नसतं. मेंटॉरिंग म्हणजे एक मोठं माणूस आणि एक पोर, यांच्यात वर्षभर काय घडलं ते, आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. तेव्हा आधी मेंटॉर लोकांना एकत्र बसवा, अहवाल त्यातून आपोआप निघेल.

आम्ही नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या आठवड्यात बसतो, चर्चच्या हॉलमध्ये नाही, कुणाच्या तरी घरी. यंदा माझ्याकडे होते सगळे. सकाळी पोहे, वरून शेव आणि जिरावण, मग चहा, आणि मग प्रार्थना करून वही उघडली. आमची वही साधी दोनशे पानी आहे, प्रत्येक पोराला चार पानं, वर नाव, शाळा-कॉलेज, आई-वडिलांचा नंबर, खाली तारखेवार एक-एक ओळ. शेवटी कधी भेटलो, काय बोललो, पुढे काय करायचं ठरलं, बास. खाजगी काही लिहायचं नाही, वही कपाटात कुलपात. आम्ही एकेक नाव मोठ्याने वाचतो आणि त्याचा मेंटॉर सांगतो की या पोराबद्दल जानेवारीत मला काय माहीत नव्हतं जे आज माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे उद्या रात्री अकरा वाजता हे पोर अडचणीत सापडलं तर फोन कुणाला करेल. कधी उत्तर येतं मला करेल, कधी येतं की त्याच्या आत्याला करेल, तेही चांगलंच आहे. पण कधीकधी मेंटॉर गप्प बसतो. ज्या नावावर खोली गप्प होते ना भाऊ, ते तुमच्या वर्षाचं खरं मोजमाप आहे, 19 चे 11 झाले हे नाही.

यंदा असं माझ्याच एका नावावर झालं. मुलगा बारावी करून नीटची तयारी करत होता, भंवरकुआला कोचिंग, दुसरा प्रयत्न होता. जूनमध्ये निकाल लागला आणि तो रविवारी यायचा बंद झाला, गुरुवारच्या युथ मीटिंगलाही नाही. मी वहीत लिहिलं, फोन करायचा. जुलैत परत लिहिलं, फोन करायचा. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा तेच, माझ्याच अक्षरात, निळ्या पेनने, आणि मधे फोन केल्याची नोंद कुठेच नाही. मी रोज रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत होते हे खरं, पण प्रार्थना केली की फोन केल्यासारखं वाटायला लागतं, आणि इथेच मी चुकले. ऑक्टोबरच्या शेवटी वही चाळताना त्या तीन ओळी एकाखाली एक दिसल्या तेव्हा अक्षरशः लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न कळवता त्याच्या घरी गेले. आईने दार उघडलं, आत जाऊन त्याला सांगितलं, तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हाताला सोल्डरचा वास, एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात शिकायला जात होता तीन महिन्यांपासून, मंडळीत कुणालाच पत्ता नव्हता. मी काही विचारलं नाही, चहा घेतला, त्यानेच माझा फोन मागितला आणि म्हणाला काकू याचा चार्जिंग पॉइंट ढिला आहे. पिन साफ करून दिली. मग खाली मान घालून म्हणाला, चर्चमध्ये सगळे विचारायचे रिझल्टचं काय झालं, तुम्ही पण गेटवरच विचारलं होतं. विचारलं होतं मी. त्याच्या डोळ्यात बघून, आठ-दहा जणांसमोर, प्रेमानेच विचारलं होतं, पण त्याला ते कसं लागलं असेल याचा विचारच केला नाही. मी माफी मागितली. तो अजून युथ मीटिंगला येत नाही. दर पंधरा दिवसांनी मी दुकान बंद व्हायच्या वेळेला जाते, आम्ही कोपऱ्यावर चहा पितो, नाताळला तो सकाळच्या उपासनेला मागच्या बाकावर होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर आमच्या रजिस्टरवर तो गळालेल्यांत आहे, आणि वहीत मात्र यंदा सगळ्यात जास्त भेटी त्याच्याच आहेत, चार महिने उशिरा सुरू झालेल्या.

म्हणून तुमच्या त्या 8 पोरांना एकच आकडा समजू नका. एकेकाचं नाव घेऊन बसा. कोण नोकरीला पुण्याला गेलं, कोणाला बारावीच्या वर्षात आई-वडिलांनी थांबवलं, कोणाच्या वडिलांची बदली झाली, आणि कोण दुखावून गेलं. या चार गोष्टी वेगळ्या आहेत, औषधही वेगळं. आमच्याकडे जानेवारी ते मे उपस्थिती पडणारच, जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये, मधे बोर्डाच्या परीक्षा, मग नीट, त्या काळात पोरं आली नाहीत म्हणून मी अजिबात चिंता करत नाही, उलट मेंटॉरनेच डबा घेऊन लायब्ररीबाहेर दहा मिनिटं भेटून यावं. जे शहर सोडून जातात त्यांना हातातून हातात सोपवायचं. आमची एक मुलगी यंदा पुण्याला गेली नोकरीला, तर तिच्या मेंटॉरने तिथल्या ओळखीच्या एका पाळकबाईंना आधी फोन केला, मग तिघींचा एक व्हिडिओ कॉल, आणि पहिल्या रविवारी तिला तिथे कोणीतरी गेटवर घ्यायला उभं होतं. ती आमच्या आकड्यातून कमी झाली, पण काम चोख झालं. दुखावून गेलेल्यांकडे मात्र स्वतः जायचं, घरी, एकदा नाही तर तीन-चार वेळा, आणि परत ये असं पहिल्या भेटीत म्हणायचंच नाही.

बायबलमध्ये या कामासाठी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बर्णबा. पौलाचं नाव सगळे घेतात पण पौलाला शोधायला तार्साला कोण गेलं? प्रेषितांची कृत्ये 11 वाचा, बर्णबा शौलाला, म्हणजे पौलालाच, शोधायला तार्साला जातो, सापडल्यावर अंत्युखियाला आणतो आणि दोघं मिळून पूर्ण एक वर्ष त्या मंडळीत शिकवतात. शोधणं आधी आहे, वर्षभराचं काम नंतर. आणि पुढे 15 व्या अध्यायात योहान मार्कावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसतं की दोघं वेगळे होतात, कारण मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यातून परत गेला होता आणि पौलाला असं अर्ध्यात सोडणारं पोर परत नको होतं. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला गेला. तुमच्या मंडळीने त्या वर्षी अहवाल मागितला असता तर मार्काचं नाव गळालेल्यांत असतं. आणि तोच पौल कितीतरी वर्षांनी तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने काय केलं हे कुठे लिहिलेलं नाही. मी प्रत्येक नव्या मेंटॉरला ही गोष्ट सांगते, उपदेश म्हणून नाही, कामाचं स्वरूप कळावं म्हणून. आपल्या मराठी मंडळीचंच बघा, नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, नागपूरहून राजनांदगावला जाताना, बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग यायला आणखी पाच वर्षं गेली. आज आपण ज्यांची भजनं गातो त्या माणसाची सुरुवात एका डब्यातल्या गप्पांत होती, आणि गाडीतून उतरताना त्या प्रवाशाच्या हाती दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

आता तुमच्या थकलेल्या 2 मेंटॉरांबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा धोका तिथे आहे. 5 जणांत 19 म्हणजे प्रत्येकी चारच्या आसपास, आणि बहुतेक एखाद्याकडे सहा-सात गेली असणार कारण चांगल्या माणसाकडे पोरं आपोआप ओढली जातात आणि त्याला नाही म्हणता येत नाही. आम्ही पहिली पाच-सहा वर्षं हीच चूक केली आणि दोन फार गुणी माणसं गमावली. आता नियम आहे की नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाकडे तीनपेक्षा जास्त पोरं नाहीत, कितीही मागणी असली तरी, वेटिंगमध्ये राहिलेलं पोर परवडलं पण अर्धवट भेटलेलं नाही. शब्द एका वर्षाचाच घ्यायचा, डिसेंबरला त्याला मोकळं करायचं, मंडळीसमोर हात ठेवून प्रार्थना करून आभार मानायचे, आणि पुढच्या वर्षी करणार का हे जानेवारी उजाडल्यावर विचारायचं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रेषित परत येऊन आपण काय काय केलं ते सगळं येशूला सांगतात तेव्हा तो त्यांना पुढची यादी देत नाही, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या म्हणतो, जेवायलाही सवड नव्हती त्यांना. तुमच्या त्या दोघांना भेटा आणि हे म्हणा. थकलात म्हणजे विश्वासात कमी पडलात असं त्यांना कोणी म्हटलं असेल, आणि मंडळीत असं म्हणणारे भेटतातच, तर तुम्ही त्याच्या उलट उभं राहा. आणि मेंटॉरला पण कोणीतरी लागतं, आमच्याकडे निवृत्त झालेली एक जोडी आहे, ते पोरांना भेटत नाहीत, फक्त मेंटॉर लोकांना महिन्यातून एकदा जेवायला बोलावतात आणि ऐकतात, बस एवढंच त्यांचं काम, आणि गेल्या आठ वर्षांत आमचा एकही मेंटॉर मधेच सोडून गेला नाही त्याचं मोठं कारण ते दोघं आहेत.

एक भाग असा आहे की तो तुमच्या प्रश्नात नव्हता पण मी तो सोडून पुढे जाणार नाही. सुरक्षितता. वर्षाचा हिशोब मांडताना हा पहिला कागद बघा. मेंटॉर आणि पोर बंद खोलीत एकटे बसत नाहीत, भेट उघड्या जागी किंवा घरात दुसरं मोठं माणूस असताना, मुलींना बाईच मेंटॉर, रात्री उशिरा खाजगी मेसेज नाहीत, गाडीवर एकट्याला सोडायला जायचं असेल तर आधी आई-वडिलांना फोन. पाळक असो, पंच असो की सगळ्यांचा लाडका गिटार वाजवणारा दादा, कुणालाही सूट नाही. आणि कुठल्याही पोराला असं वचन द्यायचं नाही की तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही. आमचं वाक्य ठरलेलं आहे, तू सांग, मी ते गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावीच लागेल. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू, असं म्हणायची सोयच नाही आणि नसावी. मुलांसाठी हेल्पलाइन 1098, आणि मन फार खचलेलं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416, हे दोन्ही नंबर आमच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत मोठ्या अक्षरात लिहिलेत. कोचिंगच्या पोरांसाठी दुसरा नंबर मी स्वतः दोनदा लावून दिलाय. प्रार्थना आणि डॉक्टर यांच्यात भांडण नाही, हे मेंटॉरला पहिल्या दिवशी समजलं पाहिजे.

तसंच आई-वडिलांची लेखी संमती. तुमच्याकडे गुजरातेत धर्मांतरावर बंधनं घालणारा 2003 चा धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला, आमच्याकडे मध्य प्रदेशातही 2021 चा आहे. आमचं काम मंडळीतल्या घरांतल्या पोरांसाठी आहे. कोणी आपल्या मित्राला घेऊन आलं तर त्याला प्रेमाने पोहे खाऊ घालतो, पण मेंटॉर द्यायच्या आधी त्याच्या घरी जाऊन आई-बाबांना भेटतो, आम्ही कोण, काय करतो ते सरळ सांगतो, ते नको म्हणाले तर नको. लपूनछपून काहीही नाही. हे नुसतं कायद्याच्या भीतीने नाही हो, ज्या घराचं पोर आहे त्या घराचा मान आपण राखला नाही तर आपण पोराला शिकवणार काय.

भाषेचं पण एक सांगते कारण बडोद्यात तुम्हालाही हेच असणार. आमची पोरं बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी, घरी मराठी, आणि फोनवरचं बायबल भलत्याच भाषेत. आम्ही आधी हट्ट धरायचो की मीटिंग मराठीतच. मग एक गोष्ट लक्षात आली, एका मुलीची आजी वारली आणि ती माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, दोन तास एक शब्द नाही, आणि मग हळूच ती टिळकांचं भजन गुणगुणायला लागली, आजी पहाटे म्हणायची ते, शब्द अर्धे चुकत होते. मी दुसरी ओळ धरली. तिला जे हिंदीत सांगता आलं नाही ते त्या चालीत निघालं, रडली पोटभर, मटार तसेच राहिले. तेव्हापासून मीटिंग कुठल्या भाषेत याचा हट्ट सोडला, पण प्रत्येक पोराला वर्षात निदान दोन मराठी भजनं तोंडपाठ यावीत हे मेंटॉरने बघायचं, पेटीवर बसून, दटावून नाही. यंदा बहुतेकांची झाली, काहींची राहिली.

पैशाचं फार लिहीत नाही, जे आलं आणि गेलं ते रुपयासकट सांगा. आमचा सगळ्यात मोठा खर्च चहा-नाश्ता आणि पेट्रोल आहे आणि आम्ही तो तसाच लिहितो, कुणी नाक मुरडलं तरी.

मग सभेत काय वाचायचं? एक पान. किती पोरांनी सुरुवात केली, किती आज येतात, किती बाहेरगावी गेली आणि त्यातल्या किती जणांना तिथे कुणाच्या तरी हाती सोपवलं, किती दुखावून गेली आणि त्यांच्याकडे आपण किती वेळा गेलो. शेवटचा आकडा शून्य असेल तर शून्य लिहा. मेंटॉर किती, थांबले किती, त्यांना आपण कुठे कमी पडलो. पुढच्या वर्षी काय बंद करणार हे नक्की लिहा, आम्ही यंदा क्विझ बंद करतोय कारण त्याच्या तयारीत दोन महिने सगळे मेंटॉर अडकतात आणि त्या दोन महिन्यांत भेटी जवळजवळ होत नाहीत, वहीतच दिसलं ते. आणि एक विनंती, एखाद्या पोराला पुढे उभं करून त्याची कहाणी सांगायला लावू नका, त्याचं स्वतःचं साक्ष द्यायचं मन असेल तर गोष्ट वेगळी, पण अहवाल रंगावा म्हणून नको. मी वर त्या मुलाबद्दल लिहिलं ते त्याला विचारून, वाचून दाखवून लिहिलंय, सोल्डरचा वास लिही काकू, ते बरोबर आहे म्हणाला.

वहीचं पान कसं आखतो त्याचा फोटो पाठवते. त्याआधी तुम्ही एक करा, आज रात्री कोऱ्या कागदावर त्या 19 जणांची नावं आठवून लिहा, यादी न बघता. शेवटी जी दोन-तीन नावं आठवायला वेळ लागेल ना, त्यांच्या घरी या रविवारच्या आत जाऊन या. जमलं तर संध्याकाळी जा, आई घरी असते.